गोठ्यामागे कापलेली म्हैस : कळवण्याचे कायदेशीर बंधन नेमके कोणावर?

ओढ्याकाठ

कृष्णाकाठच्या एका लहान गावातील ग्रामपंचायतीचा मी सदस्य आहे. काही दिवसांपूर्वी आमच्या वाडीतील एका शेतकऱ्याची चौथ्या वेताची मुऱ्हा म्हैस नुकत्याच धुतलेल्या शहाबादी फरशीवरून घसरली, तिचे मागचे पाय फाकले आणि खुबा निखळला. रात्रभर ती हंबरत पडून होती. पहाट होण्याआधी मालकाने तालुक्याच्या गावाहून ओळखीचा खाटीक बोलावला, म्हैस गोठ्यामागेच कापली गेली आणि उजाडायच्या आत मांस टेम्पोतून निघून गेले. कोथळा व आतडी मात्र ओढ्यात टाकली होती. कुत्र्यांनी ती ओढत रस्त्यावर आणली, तेव्हा गावाला कळले.

पोलीस पाटलांनी मला विचारले की, "तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला माहिती होती, मग तुम्ही कळवले का नाही?" हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा वाटत नाही. परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर मोठे जनावर कापले गेले, तर ते कळवण्याचे बंधन कायद्याने कोणावर टाकले आहे? मालकावर, खाटकावर, ग्रामपंचायतीवर, की ज्याला कळले त्या प्रत्येकावर? आणि कळवायचे ते पोलिसांना, की जनावरांच्या दवाखान्याला? मालक वाईट माणूस नाही, म्हैस वाचणार नव्हती हेही खरे आहे. म्हणून भावनेपेक्षा नियम काय आहे तेवढेच समजून घ्यायचे आहे. कोणत्याही समाजाविषयी शेरेबाजी या धाग्यावर करू नये, अशी विनंती आहे.

तालुका कोर्ट

आपण घटना नीट मांडली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. सर्वप्रथम जनावर कोणते, हे पाहावे लागते, कारण महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ मध्ये गोवंश आणि म्हैस यांच्यासाठी दोन वेगळे रस्ते आहेत. ४ मार्च २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, गाईच्या कत्तलीवर आधीपासून असलेली पूर्ण बंदी बैल आणि वळू यांनाही लागू झाली. तेथे दाखला, परवाना, कत्तलखाना या प्रश्नांना जागाच उरत नाही, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद व दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड अशी आहे. म्हैस मात्र 'अनुसूचित प्राणी', म्हणजे अधिनियमाला जोडलेल्या यादीतील प्राणी आहे. कलम ६ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याचा लेखी दाखला असल्याशिवाय ती कापता येत नाही, आणि दाखला मिळाला तरी कलम ७ नुसार नेमून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र कापता येत नाही. या दोन कलमांच्या उल्लंघनास एक वर्षापर्यंतची कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ही कमाल मर्यादा आहे.

आपल्या गावातील प्रसंगाची खंत वाटते ती अशी की, हा दाखला बहुधा मिळाला असता. ज्या जनावरापासून शेतकाम, दूध किंवा वासरू मिळण्याची शक्यता आहे त्याला दाखला नाकारावा, असे कलम ६ सांगते. खुबा निखळलेली, उठू न शकणारी म्हैस या कसोटीत अडकत नाही. म्हणजे मालकाला कायद्याने वाट ठेवली होती, ती त्याने विचारली नाही. अर्थात रात्री दोन वाजता ती वाट कोणाच्या दारी जाऊन विचारायची, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. १९७६ च्या अधिनियमात 'ज्याला कळेल त्याने कळवावे' असे स्वतंत्र कलम नाही. परंतु कलम १० नुसार या अधिनियमाखालील गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत, आणि यातील 'अजामीनपात्र' या एका शब्दामुळे दुसऱ्या कायद्याचे दार उघडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४०, असे सांगते की, गावाच्या कारभाराशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्याने आणि गावात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने गावात किंवा गावाजवळ घडलेल्या कोणत्याही अजामीनपात्र गुन्ह्याची आपल्याजवळ असलेली माहिती जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तत्काळ दिली पाहिजे. गावाच्या कारभाराशी संबंधित अधिकारी या व्याख्येत ग्रामपंचायतीचा सदस्य स्पष्टपणे येतो. तेव्हा पोलीस पाटलांचा प्रश्न कायद्याला धरून होता.

एक वर्ष कमाल शिक्षा असलेला गुन्हा अजामीनपात्र ठरवणे मला व्यक्तिशः अतिरेकी वाटते. तरीही कायदा जसा आहे तसा सांगणे भाग आहे.

ओढ्याकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एक शंका उरते. गावात राहणारी प्रत्येक व्यक्ती म्हणजे शेजारीण, दूध घालायला येणारा मुलगा, सगळेच का? आणि शहरात राहणाऱ्याला हे बंधन नाही का? तसे असेल तर हा न्याय विचित्र वाटतो.

तालुका कोर्ट

विचित्र वाटला तरी फरक आहे. सर्वसाधारण नागरिकाचे बंधन कलम ३३ मध्ये, म्हणजे जुन्या कलम ३९ मध्ये आहे. तेथे कोणत्या गुन्ह्यांची माहिती देणे बंधनकारक आहे त्यांची यादीच दिली आहे. खून, दरोडा, राज्याविरुद्धचे गुन्हे, अन्नात भेसळ किंवा अपायकारक अन्नाची विक्री हे तिच्यात आहेत. प्राणी रक्षण अधिनियम त्या यादीत नाही. म्हणून पुण्यातील एखाद्या सोसायटीत राहणाऱ्याने विनापरवाना कत्तल पाहून पोलिसांना कळवले नाही, तर केवळ तेवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. गावकऱ्यावरचे बंधन जुन्या, इंग्रजी अमदानीतील ग्रामव्यवस्थेतून आले आहे. पोलीस कमी, अंतरे मोठी, म्हणून गावानेच खबर द्यावी अशी ती कल्पना होती. २०२४ च्या १ जुलैला नवी संहिता लागू झाली, पण ही तरतूद तशीच पुढे आली.

माहिती देण्याचे कायदेशीर बंधन असूनही जो जाणूनबुजून ती देत नाही, त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम २११ आहे. मात्र 'जाणूनबुजून' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दूध घालणाऱ्या मुलाला म्हशीला दाखला होता की नव्हता हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला, सदस्य म्हणून, ते विचारून घेणे शक्य होते. पोलीस पाटलांचे काम तर याहून स्पष्ट आहे, कारण १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने गावातील गुन्ह्यांची माहिती ठाण्याला देणे हे त्यांचे नेमून दिलेले कर्तव्यच आहे.

जनावरांचा दवाखाना

पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. वकील महोदयांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु हा सगळा विचार पोलीस ठाण्यापासून सुरू होतो, याचे मला वाईट वाटते. अशा प्रसंगी पहिला निरोप दवाखान्याला गेला पाहिजे. शिष्टाचाराचा यात काही संबंध नाही. प्राण्यांमधील सांसर्गिक व संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या कलम ४ नुसार, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याला ते अनुसूचित, म्हणजे अधिनियमाच्या यादीतील, रोगाने बाधित असल्याची शंका घेण्यास जागा असेल, तर त्याने ती गोष्ट ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवली पाहिजे, आणि तेथून ती लेखी स्वरूपात जवळच्या पशुवैद्यकाकडे जाते. कळवण्याचे बंधन मालकावर आहेच, पण संस्था आणि ग्रामपंचायत यांच्यावरही आहे. कलम ५ नुसार असे जनावर इतरांपासून वेगळे बांधणे हेही बंधनच आहे.

आपण म्हणाल की, म्हैस तर घसरून पडली, रोगाचा संबंध काय? संबंध असा की, ती घसरली म्हणून आजारी झाली, की आजारी होती म्हणून घसरली, हे गोठ्यात उभे राहून खाटकाला सांगता येत नाही. घटसर्पाचा, म्हणजे जनावरांच्या गळ्याला सूज आणणाऱ्या संसर्गजन्य रोगाचा, ताप चढलेली म्हैस पायांत जोर नसल्याने पडते. व्यालेल्या म्हशीच्या अंगातील कॅल्शियम उतरले की तीही बसून राहते. अशी म्हैस शिरेतून सलाईन दिल्यावर काही वेळातच उठलेली मी पाहिली आहे, आणि ती मरणारच असे समजून गिऱ्हाईक आधीच दारात आलेले असे. तपासणी म्हणजे काय, तर तापमान, श्वास, डोळ्यांच्या आतील पापणीचा रंग, गळ्याखालची सूज, रवंथ, शेणाची प्रत आणि पायाच्या सांध्यावर हात ठेवून केलेली परीक्षा. दहा मिनिटांचे काम आहे. परवाना असलेल्या कत्तलखान्यात हीच कत्तलपूर्व तपासणी होते. २००१ च्या कत्तलखाना नियमांनी एका पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा अधिक आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत अशी मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही.

काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या बाबतीत तर चूक भोवते ती माणसाला. जनावर अचानक दगावले, नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळसर, न गोठणारे रक्त आले, पोट झपाट्याने फुगले आणि अंग ताठरले नाही, तर त्या शवाला सुरी लावायची नाही. आम्ही स्वतःदेखील असे शव फाडत नसू. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असू. शव उघडले की जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. असे शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे लागते. बाधित जनावराचे शव किंवा त्याचा भाग नदी-ओढ्यात टाकणे हा २००९ च्या अधिनियमात वेगळा गुन्हा आहे. आपल्या गावातील कोथळा ओढ्यात पडला, त्याची मला म्हशीपेक्षा अधिक काळजी वाटते. तो रोगी नव्हता असे आता सिद्ध करायचे झाले, तर कशावरून करणार?

सुरी बंद

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गावाहून रात्री फोन येतो, मालक रडत असतो, जनावर तडफडत असते आणि 'लवकर या' एवढेच तो म्हणतो. दाखला आहे का, असे विचारले की फोन ठेवतो आणि दुसऱ्याला लावतो. जो विचारत नाही त्याला काम मिळते. शिवाय अन्न सुरक्षा विभागाच्या २०११ च्या विनियमांनुसार दिवसाला दोन मोठ्या जनावरांपर्यंतच्या कामालाही नोंदणी लागते, दोनपासून पन्नासपर्यंत राज्याचा परवाना आणि त्यावर केंद्राचा. म्हणजे एका म्हशीचे मांस विकायचे म्हटले तरी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी जागा हवी. तालुक्याच्या गावी पालिकेचा कत्तलखाना असतो तो कागदावर. पाणी नाही, सांडपाण्याची सोय नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. मग नियम पाळणाऱ्याने जायचे कोठे? मुंबईत देवनारचा कत्तलखाना आहे, १९७१ पासून चालू आहे. प्रत्येक तालुक्याला देवनार नसते.

तालुका कोर्ट

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो न्यायालयातही मांडण्यासारखा आहे. फक्त एक भर घालतो. २००१ च्या केंद्रीय नियमांतील 'परवाना असलेल्या कत्तलखान्याखेरीज कत्तल नको' ही तरतूद नगरपालिका क्षेत्रापुरती आहे. त्यावरून ग्रामीण भागात मोकळीक आहे असा समज पसरलेला दिसतो. म्हशीच्या बाबतीत तो चुकीचा आहे, कारण राज्याच्या अधिनियमातील कलम ६ व ७ गावालाही लागू आहेत.

निपाणी वेस

सीमेवरच्यांसाठी सावधगिरीची सूचना. येथील चर्चा वाचून आमच्या भागातील कोणी कोल्हापूरचे नियम निपाणीत लावू नयेत. कर्नाटकात २०२० च्या कायद्याच्या 'गुरे' या व्याख्येतच १३ वर्षांखालील म्हैस आणि रेडा येतात, त्यामुळे त्यांची कत्तल गोवंशाइतकीच निषिद्ध आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे आणि दंड पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आहे. चौथ्या वेताची म्हैस सहसा १३ वर्षांची नसते. उलट गोव्यात १९७८ पासून गोहत्याबंदी असली, तरी १९९५ च्या कायद्याने बैल व म्हैस यांना दाखल्यावर परवानगीची सोय ठेवली आहे. तीन राज्यांच्या हद्दी ज्या चंदगड भागात एकमेकींना लागतात, तेथे जनावर कोणत्या शिवारात पडले यावर सगळे ठरते.

हॅनोव्हरचा वाटसरू

जर्मनीत दुग्धव्यवसायाशी संबंधित काम करतो. येथे हाच प्रसंग कसा हाताळला जातो, ते थोडक्यात सांगतो, कारण मला त्यातील एक गोष्ट अनुकरणीय वाटते. युरोपीय संघाच्या २००४ च्या ८५३ क्रमांकाच्या विनियमात आणीबाणीच्या कत्तलीचे स्वतंत्र प्रकरण आहे. एरवी निरोगी असलेल्या जनावराला अपघात झाला आणि त्याला हलवणे क्रूरतेचे ठरणार असेल, तर ते गोठ्यातच कापता येते, परंतु पशुवैद्यकाने आधी ते जिवंतपणी तपासलेले असले पाहिजे. रक्त काढलेले शव तेथून विनाविलंब कत्तलखान्यात जाते, दोन तासांहून अधिक वेळ लागणार असेल तर थंड करून. आतडी-कोथळा जागेवर काढायचा झाल्यास तो पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काढून शवाबरोबरच पाठवावा लागतो. सोबत कागद जातात : एक मालकाचा, ज्यात जनावराची ओळख आणि त्याला दिलेली औषधे लिहिलेली असतात, आणि एक पशुवैद्यकाचा. म्हणजे येथे खबर देणे हा त्या कामाचाच भाग आहे. कळवल्याशिवाय मांसाला किंमत नाही, म्हणून मालक स्वतःच कळवतो. आपल्याकडे कळवले की संकट आणि न कळवले तर पैसे, असे गणित उलटे झाले आहे.

जनावरांचा दवाखाना

या गणिताचा अनुभव आम्ही २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत घेतला. सुरुवातीला लोक गाठी आलेली जनावरे लपवत होते. शासनाने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली, आणि पंचनाम्यासाठी स्वतःहून फोन येऊ लागले. कळवणाऱ्याच्या हाती काही पडते आहे असे दिसले की माणसे कळवतात.

कोणी बैलाविषयी विचारील, म्हणून आताच लिहितो. पाय मोडलेल्या बैलाची कत्तल महाराष्ट्रात करता येत नाही, मात्र त्याला यातनांत ठेवलेच पाहिजे असेही नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १३ मध्ये वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला दयामरण देण्याची तरतूद आहे. ते पशुवैद्यकाने इंजेक्शनने द्यायचे असते आणि त्या शवाचे मांस खाण्यात येता कामा नये, ते पुरायचे असते. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा, फिरते पथक येते. रात्री येते का, असे विचारू नका.

डेअरीचा सचिव

दूध संस्थेचे काम पाहतो. विम्याविषयी कोणी लिहिले नाही. म्हशीचा विमा असेल, तर कंपनीला तत्काळ कळवणे ही पॉलिसीची अट असते, आणि दाव्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला व कानातील बिल्ला लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही, हे शब्द पॉलिसीच्या कागदावरच असतात. गोठ्यामागे घाईने कापलेल्या जनावराचे मुंडके टेम्पोतून गेले की बिल्लाही गेला. खाटकाने दिलेली रक्कम आणि बुडालेला विमा यांची वजाबाकी आमच्या संस्थेच्या एका सभासदाने नंतर केली, तेव्हा त्याला पस्तावण्याखेरीज काही उरले नव्हते.

गस्त

एवढे सगळे कायदे असताना गावातील तरुणांनी असे टेम्पो अडवून पोलिसांच्या ताब्यात दिले, तर त्यात गैर काय? कळवत बसेपर्यंत गाडी निघून जाते.

तालुका कोर्ट

गैर आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. कळवण्याचे बंधन आणि अडवण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहन थांबवणे, आत शिरणे, झडती घेणे हे अधिकार अधिनियमाच्या कलम ८ ने उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आणि शासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीला दिले आहेत. टेम्पोत म्हशीचे मांस आहे, दाखल्याचे आहे की विनादाखल्याचे, हे रस्त्यावर उभे राहून कोणालाही ठरवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्यावरची बंदी आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे ही तरतूद, अशी दोन कलमे रद्द केली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेबाबत निर्देश देताना प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्यास सांगितले. गाडीचा क्रमांक, रंग, दिशा आणि वेळ ११२ वर सांगितली की नागरिकाचे काम संपते. त्यापुढे हात घातला तर तोच आरोपी होण्याची शक्यता अधिक.

ओढ्याकाठ

सर्वांचे आभार. काल ग्रामपंचायतीच्या वतीने दोन अर्ज तयार केले, एक पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी आणि एक पोलीस ठाण्यासाठी. दवाखान्याच्या अर्जात ओढ्यातील अवशेष, त्यांना तोंड लावलेली कुत्री आणि खालच्या अंगाला असलेली पाण्याची विहीर यांचा उल्लेख केला आहे. पोलिसांच्या अर्जात खाटकाचे नाव लिहावे का, याबाबत सदस्यांत मतभेद आहेत. कोणी त्याला प्रत्यक्ष पाहिलेले नाही, मालकाने तोंडी सांगितले आहे.

तालुका कोर्ट

आपण स्वतः जे पाहिले ते 'पाहिले' म्हणून लिहावे आणि मालकाने जे सांगितले ते 'मालकाने अमुक दिवशी आम्हास सांगितले' असे लिहावे. तपासात नाव लागेल तेव्हा पोलीस मालकाला विचारतील. मांस विकले गेले, दाखला नव्हता, म्हैस आजारी होती, यांपैकी काहीही अर्जात ठामपणे लिहू नये, कारण त्यातील एकही गोष्ट आपल्या माहितीतील नाही. 'दाखला होता किंवा कसे याची पडताळणी व्हावी' एवढे पुरेसे आहे. उशीर का झाला ते एका वाक्यात लिहावे. दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक व शिक्का घेतलेली स्थळप्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी, आणि दवाखान्याचा अर्ज आधी द्यावा, कारण विहिरीचे पाणी लोक आजही भरत असतील.

जनावरांचा दवाखाना

अर्ज पोहोचेपर्यंत थांबू नका. अवशेष उघड्या हातांनी उचलू नयेत, हातमोजे घालून फावड्याने गोळा करावेत, ओढ्यापासून आणि विहिरीपासून दूर सहा फूट खड्डा घेऊन वरखाली चुन्याचा थर द्यावा, आणि त्या जागेवर काटेरी फांद्या टाकाव्यात म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. वाडीतील कोणत्याही जनावराला ताप किंवा गळ्याला सूज दिसली, तर ती नोंद त्याच अर्जाला पुरवणी म्हणून जोडावी.